ओठ बरा होईपर्यंत

सोमवार, ८ सप्टेंबर

दातांच्या डॉक्टरांनी ही वही घ्यायला लावली. रोज किती दुखलं ते एक ते दहामध्ये लिहायचं. आजचा आकडा अकरा.

काल भर दुपारी, मिरवणूक ऐन रंगात असताना, 'नो पार्किंग'च्या एका खांबाने माझ्या ट्रंपेटवर चाल केली. ट्रंपेट तोंडाला लावलेलं होतं, त्यामुळे वरचा पुढचा दात अर्धा तुटला, शेजारचा हलतोय, ओठ आतून फाटला, चार टाके. लोक सांगतात, खांब तिथे तीस वर्षं उभा आहे. असेलही. पण मी त्या क्षणी मागे वळून ऑडेटकडे डोळे वटारत होतो, तेव्हा मूळ दोष तिचा.

ऑडेट माझी धाकटी बहीण. शाळेची बस चालवते आणि चौदा वर्षं माझ्या मागे दुसरं ट्रंपेट वाजवते. काल मी एकटा पुढे वाजवत असताना ती मध्येच गप्प झाली. चांगल्या दोन ओळी गप्प! मागचा टेकू काढावा तसा माझा सूर उघडा पडला. मग माणूस मागे वळून बघणार नाही तर काय करणार?

सहा आठवडे काहीही फुंकायचं नाही. केकवरची मेणबत्तीसुद्धा नाही. "आणि नंतर?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नंतर बघू."

मी ओल्ड ब्रिकयार्ड ब्रास बँडचा पहिला ट्रंपेट, एकवीस वर्षं. बँड माझ्यामागे चालतो. ९ नोव्हेंबरला जांभळी छत्री क्लबची वार्षिक मिरवणूक आहे, न्यू ऑर्लिन्समध्ये ज्याला कान आहेत तो प्रत्येक जण त्या दिवशी रस्त्यावर असतो. त्या दिवशी माझ्या जागी दुसरं कोणी उभं राहिलं तर ती जागा त्याची झाली. मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी ती तशीच घेतली होती. म्हाताऱ्या रापो साहेबांना गालगुंड झालं होतं तेव्हा.

गुरुवार, ११ सप्टेंबर

ओझेमकाकांच्या गॅरेजमध्ये बैठक. काका शहात्तर वर्षांचे, निवृत्त पोस्टमन, गळ्यातला छोटा ढोल वाजवतात आणि कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त अपमान करतात.

"ऑडेट पुढे उभी राहील," काका म्हणाले.

"तात्पुरती," मी म्हणालो.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," ऑडेट म्हणाली.

"तू कधीच काही म्हणत नाहीस, बाळा. म्हणून तर तुला उभं करतोय."

"आणि मी काय करू? घरी बसून सूप पिऊ?"

काकांनी कोपऱ्यातल्या मोठ्या ढोलाकडे हनुवटी केली. तो वाजवणारा हर्लन गेल्या महिन्यात मुलीकडे ह्यूस्टनला कायमचा राहायला गेला. तेव्हापासून आम्ही इकडून तिकडून माणसं उसनी आणतोय.

"क्लोविस, गिलावा करतोस ना? दिवसभर थापी चालवतोस. खांदे आहेत. घे."

मी एकवीस वर्षांचा पहिला ट्रंपेट आहे, हे मी त्यांना सांगितलं. काका म्हणाले, "हो, तोंडाने. आता हातांना काम दे."

घेतला. पण या वहीत स्पष्ट लिहून ठेवतो: ओठ बरा होईपर्यंत.

रविवार, १४ सप्टेंबर

दुखणं ५. खांदे ९.

मोठा ढोल पोटावर बांधायचा, उजव्या हातात टिपरू, डाव्या हातात कोटाचा हँगर वाकवून केलेली तार. ढोलावर बसवलेल्या झांजेवर ती तार मारायची. एवढी साधी गोष्ट, चार तास, पस्तीस अंश उन्हात. मी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा वाजवला.

पहिल्याच थांब्यावर ओझेमकाका जवळ आले. "काय पाडतोयस?"

"म्हणजे?"

"भिंत पाडतोयस असा मारतोयस. ट्युबावाला काय वाजवत होता?"

"ट्युबा वाजवत होता."

"छान," काका म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

मागून मात्र एक गोष्ट दिसली. ऑडेट फार कमी सूर वाजवते. जिथे मी आठ घातले असते तिथे तिचे तीन. बिचारीला आठवत नसावेत. लोक नाचत होते, पण लोक कशावरही नाचतात. चार तासांत एकानेही विचारलं नाही की क्लोविस पुढे का नाही. गर्दीत बहुधा सगळे बाहेरगावचे असावेत.

गुरुवार, १८ सप्टेंबर

ट्रंपेटचं फुंकायचं तोंड तेवढं काढून ओठाला लावलं. फक्त लावलं. मग थोडं फुंकलं. टाका सुटला, शर्ट खराब. आकडा ८. डॉक्टरांना सांगितलं की बटाट्याची चिप लागली.

शनिवार, २७ सप्टेंबर

लिहायची इच्छा नाही. पण ही वही दुखण्यासाठीच आहे.

आज अ‍ॅनातोल दुव्हर्ने यांची अंत्ययात्रा होती. जांभळी छत्री क्लबच्या अध्यक्ष मिस अर्लीन (इथे लग्न झालेल्या मोठ्या बायकांनाही 'मिस'च म्हणतात) यांचे यजमान. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. चर्चपासून सात चौक आम्ही जुनं स्तोत्र संथ चालीत वाजवत नेलं. काकांच्या ढोलाच्या तारांखाली रुमाल कोंबलेला, म्हणजे आवाज दबका. माझा चार पावलांना एक टोला.

आठव्या चौकात बँड दोन्ही बाजूंना उभा राहतो आणि मधून शववाहिका जाते. तिथपर्यंत आमचं काम त्यांना पोचवण्याचं, तिथून पुढे मोकळं करण्याचं. गाडी गेली, घरच्यांनी निरोप दिला, की काका रुमाल ओढून काढतात, मोठा ढोल तीन टोले देतो, मग ट्रंपेट उसळतं, छत्र्या उघडतात, आणि माणूस नाचत नाचत पाठवला जातो. हा क्रम आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतो.

गाडी मध्यावर आली आणि थांबली. मिस अर्लीन मागच्या मोटारीतून उतरल्या, पुढे आल्या, शववाहिकेच्या काचेवर त्यांनी तळहात ठेवला. ऑडेटने शेवटचा सूर धरला. धरूनच राहिली. मी मोजत होतो: आठ, बारा, सोळा. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा तोच सूर उचलला. मला वाटलं, हिला पुढचं सुचत नाहीये. मागची जनता चुळबुळ करत होती. एकवीस वर्षं मी थांबलो की गाणं थांबलं आहे आणि मी उठलो की गाणं उठलं आहे. हात आपोआप वर गेला.

तीन टोले.

छत्र्या उघडल्या. कोणीतरी आरोळी ठोकली. ट्युबावाला सवयीने दोन पावलं नाचला. आणि मिस अर्लीनचा तळहात अजून काचेवर. त्यांनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, ढोलाकडे. काकांचा रुमाल अजून जागेवर होता.

ऑडेट थांबली नाही. तोच सूर, तसाच, माझ्या टोल्यांच्या वरून. आणि मग छत्र्या एकेक करून मिटल्या. शंभर छत्र्या मिटताना कसा आवाज होतो, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

किती वेळाने त्यांनी हात काढला, ते मोजलं नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

मिस अर्लीनचा निरोप, काकांच्या फोनवर: ९ नोव्हेंबरसाठी क्लब दुसरा बँड बघतो आहे.

म्हणजे आता माझी एकट्याची जागा नाही, सगळ्यांचीच गेली. बँडमध्ये कोणी मला बोललं नाही. ऑडेट सोडून द्या, ती बोलतच नाही, पण ट्रॉम्बोनवाला, जो माझ्या मोज्यांवरसुद्धा शेरे मारतो, तोही गप्प. शिव्या घातल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं.

सोमवार, २९ सप्टेंबर

गेलो. मिस अर्लीन दारापुढच्या पायऱ्यांवर बसून होत्या, स्वयंपाकघरातून सोमवारच्या लाल बीन्सचा वास. मी टोपी काढली आणि घरून पाठ करून आणलेलं भाषण सुरू केलं.

"बस, क्लोविस. ते चर्चमध्ये म्हण." त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. "मला एकच सांग. तू ढोल मारलास तेव्हा तुझी बहीण काय करत होती?"

"सूर धरून होती."

"का?"

मी टोपीच्या काठावरचा चुना खरवडला.

"ती माझ्या हाताकडे बघत होती. माझा हात काचेवर आहे तोवर ती सोडणार नव्हती. दम संपला तरी पुन्हा उचलला तिनं. अख्खा चौक माझ्या हाताकडे बघत होता. तू कुठे बघत होतास?"

"मोजत होतो."

"काय?"

"ठोके."

"माझ्या नवऱ्याचे?" त्या म्हणाल्या. मग: "तुझा दात तुटला याचं मला वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही."

मी परत फिरलो तेव्हा त्यांनी हाक मारली. "ए गिलावेवाल्या. आमच्या कबरीचा गिलावा सुटलाय. ऑल सेंट्सला सगळे कबरींवर फुलं वाहायला येतील, त्याच्या आधी नवा करून दे. बँडचं काय ते त्या दिवशी सांगेन."

बीन्स विचारले नाहीत. या शहरात सोमवारी दारात आलेल्या माणसाला बीन्स न विचारणं म्हणजे काय, ते मी इथे लिहीत नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

कबरस्तान. दुव्हर्ने कुटुंबाची कबर पुरुषभर उंच, विटांची, चुन्याचा जुना गिलावा पापडासारखा सुटलेला. खरवडायलाच चार दिवस जाणार. आकडा २, पण दाताला विचारतंय कोण.

दुपारी ओझेमकाका घडीची खुर्ची घेऊन आले आणि सावलीत बसले. भिंतीपलीकडच्या रस्त्याने कुठल्यातरी दुसऱ्या बँडची अंत्ययात्रा येत होती.

"काम थांबव. डोळे मीट. मोठा ढोल कधी तीन टोले देईल ते सांग. तो द्यायच्या आधी."

"दिसत नाही तर कसं सांगू?"

"दिसत होतं तेव्हा काय उजेड पाडलास?"

मी "आता" म्हणालो. ढोल वाजला नाही. पुन्हा "आता" म्हणालो. नाही. तिसऱ्यांदा "आता" म्हणालो तेव्हा पलीकडे नाच अर्ध्यावर आला होता.

"उद्या परत," काका म्हणाले.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पाच अंत्ययात्रा ऐकल्या. चार चुकलो. पाचव्या वेळी पावलांचा आवाज आला. म्हणजे यायचा बंद झाला. संथ चालीत पावलं रस्त्यावर घासत असतात, ते घासणं एका क्षणी थांबतं. मग गाडीचं इंजिन लांब जातं. कोणीतरी एक बाई रडत असते, ती मध्येच नाक ओढते. आणि मग दोनशे माणसं एकदम श्वास आत घेतात. मी "आता" म्हणालो आणि पलीकडे ढोल वाजला.

काकांनी शाबासकी दिली नाही. त्यांनी कबरीकडे बघून विचारलं, "पहिला थर ओला असताना दुसरा चढवतोस का रे?"

"वेड लागलंय का मला? सगळा सोलून निघेल."

"कसं कळतं वाळला ते?"

"हात लावून. रंगावरून. वासावरून. मोजून नाही कळत, हवेवर असतं."

"मग?"

"मग काय?"

काकांनी खुर्ची मिटली आणि चालू लागले. म्हाताऱ्या माणसांची ही एक खोड. प्रश्न अर्धवट टाकून जातात.

सोमवार, २० ऑक्टोबर

नवा दात बसला. डॉक्टर म्हणाले, ओठ उत्तम, फुंका. गाडीत बसूनच फुंकलं. पहिला आवाज रस्त्यावर मांजर चिरडावं तसा.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "आठवडाभर एकच सूर वाजव. लांब. हळू. तो कुठे संपतो ते ऐक." एकवीस वर्षांच्या माणसाला! मी एक सूर दहा मिनिटं वाजवला आणि मग नेहमीच्या वरच्या सुरांच्या उड्या सुरू केल्या. रोज तीन तास. ९ तारखेला मी पुढे असणार. बँडला मिरवणूक मिळाली तर.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

उड्या जमत नाहीत. वैतागून एकच सूर धरला. अर्धा तास. त्याच्या शेवटाला एक कंप येतो, दम संपताना, आणि मी दर वेळी तो यायच्या आत सूर कापतो. हे मी कायम करत आलो असणार. मग इतकी वर्षं ते कापलेलं टोक कोणाला खटकलं कसं नाही? नशीब.

शनिवार, १ नोव्हेंबर, ऑल सेंट्स

कबरस्तान शेवंतीने भरलेलं. मिस अर्लीन फुलं घेऊन आल्या. नव्या गिलाव्यावर त्यांनी तळहात फिरवला, वरून खाली, पूर्ण बाजू. छत्तीस वर्षं मी भिंती करतोय, पण एवढा घाम कधी फुटला नव्हता.

"किती थर?"

"तीन."

"किती दिवस लागले?"

"वाळायला लागले तेवढे."

त्यांनी फुलं कबरीपुढे मांडली. मग म्हणाल्या, "नऊ तारखेला वाजवा. अ‍ॅनातोलच्या दारात थांबायचं आहे, त्याच्यासाठी एक स्तोत्र. आणि पुढे कोण उभं राहील ते ऑडेट ठरवेल. तू नाही."

तिथून थेट ऑडेटकडे. ती बस धूत होती. मी सांगितलं. तिनं पाइप बंद केला.

"मी नाही ठरवणार, दादा."

"मिस अर्लीन म्हणाल्या—"

"त्या म्हणाल्या असतील. स्वतः मागून घेतलेल्या जागेवर उभं राहून मला वाजवता येणार नाही. तुझा ओठ बरा झालाय ना?"

"एकदम."

"मग ये, उभा राहा." आणि तिनं पाइप परत सुरू केला. माझे बूट भिजले.

म्हणजे तिला ती जागा नकोच आहे. चांगलं झालं. मला उगाच काळजी वाटत होती.

रविवार, ९ नोव्हेंबर

सगळं नीट लिहितो.

दुपारी बारा वाजता जमलो. मी ट्रंपेट काढलं, सुरुवातीलाच तीन फेऱ्या अशा वाजवल्या की पलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर आली. ऑडेट काही न बोलता माझ्या डाव्या हाताला मागे जाऊन उभी राहिली, चौदा वर्षांच्या जागेवर. मोठा ढोल फेलिक्स नावाच्या एका उसन्या माणसाला दिला होता. ओझेमकाका माझ्याकडे न बघता काठ्या पुसत होते.

दोन तास मी पुढे होतो. जांभळ्या छत्र्या, जांभळी पिसं, लोक घरांच्या छपरांवर. ओठ जराही दुखला नाही. सगळं मला हवं होतं तसं. फक्त आज मला मागचं ऐकू येत होतं, आणि ते बंद करता येत नव्हतं.

अ‍ॅनातोलच्या दारात मिरवणूक थांबली. काकांनी रुमाल कोंबला. मी स्तोत्र उचललं, ऑडेट खालच्या सुरात साथीला आली.

पहिल्या ओळीच्या शेवटी माझा सूर नेहमीसारखा लवकर संपला. आणि संपला नाही. तो पुढे चालू राहिला, त्याच उंचीवर, त्याच रंगाचा, आणि हळूच, जिथे संपायला हवा तिथे जाऊन संपला. तो ऑडेटचा होता. दुसऱ्या ओळीला मी लक्ष ठेवलं. मी कापलं, तिनं शिवलं. तिसऱ्या ओळीला मी दम घ्यायला घाई केली, तर तिनं आपला अर्धा सूर सोडून मला तेवढी जागा केली आणि परत आली. जिथे मी आठ सूर घातले तिथे ती गप्प बसली, म्हणून ते आठ लोकांना ऐकू आले. चौदा वर्षं. आमच्या सातव्या वॉर्डातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत.

मी ट्रंपेट खाली घेतलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. अर्धा श्वास. मग ती पुढे झाली आणि वरची चाल तिनं उचलली.

"काय झालं?" ट्रॉम्बोनवाला दातांतून म्हणाला.

"ओठ गेला," मी म्हणालो.

मिस अर्लीन दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभ्या होत्या. शेवटची ओळ संपत आली. ऑडेटने सूर धरला. मागची जनता चुळबुळायला लागली, छत्र्यांचे दांडे हातांत फिरू लागले. मी मागे बघितलं, तर फेलिक्सचं टिपरू वर चाललेलं. तो हात मी ओळखतो. मी तीन ढांगांत त्याच्यापाशी गेलो आणि ढोलाच्या चामड्यावर पंजा ठेवला.

"काय रे बाबा?"

"पट्टा सोड. मी घेतो."

"मला चार तासांचं सांगितलंय—"

"नाच. आजच्या दिवस नाच तू."

माझ्या तोंडाकडे बघून त्याने पट्टा सोडला. मी ढोल बांधला, टिपरू उचललं आणि थांबलो. मोजलं नाही. पावलं घासत होती. ऑडेटचा दम संपला, तिनं पुन्हा उचलला. एक म्हातारी खोकली. पावलं घासायची थांबली. टिपऱ्याचं वजन एवढं असतं हे मला सहा आठवड्यांत कळलं नव्हतं, मला वाटलं, त्या आज हात काढणारच नाहीत, आणि नाही काढला तरी चालेल, मी उभा आहे.

मिस अर्लीननी चौकटीवरचा हात काढला. दोनशे माणसांनी श्वास घेतला. काकांचा रुमाल सटकन बाहेर आला.

मी तीन टोले दिले.

पुढे जे उसळलं ते ऑडेटचं होतं. राहिलेले दोन तास मी तिच्या मागे चाललो.

शेवटच्या थांब्यावर ती ट्रंपेट पुसत माझ्या शेजारी फुटपाथवर बसली.

"ओठ खरंच गेला का रे, दादा?"

"गेला."

"डॉक्टर तर म्हणाले, उत्तम."

"डॉक्टरांना काय कळतं? ते कधी मिरवणुकीत वाजवायला आलेत?"

ती बराच वेळ हसली. मग हसायची थांबली. "पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी," मी म्हणालो, "शेवटचा सूर एवढा लांब धरायचा असेल तर श्वास जरा आधी घे. मध्ये फट पडते. मागे स्पष्ट ऐकू येते."

"घेते," ती म्हणाली.